वसईचे संत गोन्सालो गार्सिया : आज्ञापालनाचें एक जीवन



भिवंडीजवळून वाहणारी कामवारी नदी वसईच्या खाडीस मिळते, आणि त्या खाडीचें पाणी पश्चिमेकडे जाऊन वसईच्या किल्ल्याच्या तटाशेजारून समुद्रांत शिरतें. ज्या पाण्याच्या आसपास आपण नारपोलीचे लोक संसार करतों, त्याच पाण्याच्या मुखाशीं, साडेचारशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं, एक असें बालक जन्मास आलें कीं ज्यास पुढें अखिल ख्रिस्तसभेनें वेदीवर स्थान दिलें. संत गोन्सालो गार्सिया हें तें नांव होय. भारतभूमींत जन्मून संतपदास पोंचलेले ते पहिले पुरुष.

ज्युबिली हा हिशेबाचा काळ असतो. किती बाप्तिस्मे झाले, किती विवाह लागले, किती मुलांनीं पहिला परमप्रसाद घेतला, हें वहींतून मोजतां येतें. परंतु देवाशीं आपण किती इमानी राहिलों, त्याची आज्ञा किती पाळली, हें कोणत्याच वहींत लिहिलेलें नसतें. तें मोजावयाचें तर हातीं दुसराच गज हवा. संतांचें जीवन हा तो गज होय. म्हणून ह्या पुस्तिकेंत आपल्याच शेजारच्या भूमींतील ह्या संताची कथा आपणांपुढें ठेवीत आहें.

संत गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६ किंवा १५५७ सालीं वसईस झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई येथल्या कोंकणच्या मातींतील, असें जुने चरित्रकार सांगतात. १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली होती, आणि तटबंदीच्या आंत मंदिरें, मठ व विद्यालयें उभीं राहत होतीं. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं तेथें शाळा चालविली होती. ह्याच धर्मगुरूंपाशीं गोन्सालो लिहावयास, वाचावयास व प्रार्थना करावयास शिकले. आज किल्ल्यांत गेलें असतां त्या संघाच्या मंदिराची भव्य दर्शनी भिंत दृष्टीस पडते. तिच्या सावलींत क्षणभर उभें राहावें आणि मनांत आणावें, कीं येथेंच कोठेंतरी एक कोंकणी मूल अक्षरें गिरवीत बसलें असेल.

पंधरा वर्षांच्या सुमारास गोन्सालो ह्यांनीं घर सोडलें. फादर सेबास्तियन गोन्साल्विस ह्या येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते जपानास निघाले. त्या काळीं ही सफर सोपी नव्हती. शिडाच्या जहाजांतून गोवें, मलाक्का, मकाव अशीं बंदरें घेत, वाऱ्याची वाट पाहत जावें लागे. वादळ, तहान व रोगराई ह्यांतून वांचलेलाच पैलतीरास लागे. आईचें दर्शन पुन्हां होईल कीं नाहीं ह्याची शाश्वती नसतां हा मुलगा गेला.

जपानांत त्यांनीं प्रथम जें काम केलें, तें मोठ्या नांवाचें नव्हतें. ते भाषा शिकले. जपानी भाषा अति कठीण. परंतु तरुण गोन्सालो ह्यांनीं ती अशी आत्मसात केली, कीं तेथील लोकांशीं ते त्यांच्यापैकींच एक असल्याप्रमाणें बोलूं लागले. सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें. लेकरांस प्रार्थना शिकविणें, बाप्तिस्म्यासाठीं आलेल्यांची तयारी करणें, धर्मगुरूंचे शब्द लोकांस व लोकांचें दुःख धर्मगुरूंस समजावून सांगणें, अशीं तीं कामें होतीं. मनांत एकच आशा होती, कीं आपणांस येशूसंघांत प्रवेश मिळावा.

ती आशा पूर्ण झाली नाहीं. वरिष्ठांनीं त्यांस संघांत घेतलें नाहीं.

बंधूंनो, येथें आपण थोडें थांबूं या. आठ वर्षें ज्या घरासाठीं झिजलों त्याच घराचें दार उघडत नाहीं, हें दुःख लहान नव्हे. अशा प्रसंगीं कित्येकांची श्रद्धा कडवट होते. देवळांत मान मिळाला नाहीं म्हणून मिस्सेस येणें सोडलेले, मागणें ऐकिलें गेलें नाहीं म्हणून जपमाळ खुंटीस टांगलेले लोक आपण पाहिलेले आहेत. कदाचित् ते आपल्याच घरांत असतील. देवाशीं आपलें नातें व्यापाऱ्याचें कीं लेकराचें, ह्याची परीक्षा देव देतो तेव्हां होत नाहीं; तो नाहीं म्हणतो तेव्हां होते.

गोन्सालो ह्यांनीं येशूसंघाचें घर सोडलें, परंतु त्यांनीं ख्रिस्तसभा सोडली नाहीं. पोटासाठीं ते व्यापार करूं लागले. भाषा येत होती, बंदरें ठाऊक होतीं, माणूस सचोटीचा होता. व्यापार भरभराटीस आला. जपान, मकाव व फिलिपाईन्सचें मनिला ह्या बंदरांतून त्यांची ये-जा होऊं लागली. आतां धन होतें, नांव होतें, आणि कोणाची आज्ञा मानण्याचें बंधन नव्हतें. जगाच्या दृष्टीनें पाहतां त्यांचें सोनें झालें होतें.

आपल्या यंत्रमागावर धागा तुटला म्हणजे कारागीर माग मोडून टाकीत नाहीं. तो माग थांबवितो, तुटलेलीं टोंकें शोधतो, गांठ मारतो व पुन्हां विणूं लागतो. देवानेंहि गोन्सालो ह्यांच्या जीवनांत असेंच केलें. मनिला येथें संत फ्रान्सिसच्या संघाचे साधु पायीं फिरत, दारिद्र्यांत राहत आणि रोग्यांची सेवा करीत. त्यांच्या सहवासांत गोन्सालो ह्यांची जुनी तहान पुन्हां जागी झाली. त्यांनीं आपला व्यापार सोडला आणि फ्रान्सिस्कन संघांत प्रवेश मागितला. ह्या वेळीं दार उघडलें.

परंतु तें कोणत्या पदासाठीं उघडलें, हेंहि ध्यानांत घ्यावें. ते धर्मगुरु झाले नाहींत. ते ब्रदर झाले. मिस्सा अर्पिण्याचा व पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार ब्रदरास नसतो. सेवा करणें व वरिष्ठ सांगतील तिकडे जाणें, एवढेंच त्याचें काम. काल ज्याच्या शब्दावर माल हलत होता, त्यानें आज दोरीचा कमरबंद बांधून दुसऱ्याच्या शब्दावर चालण्याचें व्रत घेतलें. मन मारून घेतलेलें हें व्रत नव्हतें. ज्यास आपली इच्छा पुरवितां येत होती त्यानें ती देवास दिली. आणि आज्ञापालनास मोल येतें तें ह्यामुळेंच.

त्या समयीं जपानांत तोयोतोमी हिदेयोशी हा सर्वसत्ताधीश होता. अनेक सरदारांस जिंकून त्यानें तो देश एका छत्राखालीं आणला होता. १५८७ सालीं त्यानें परदेशी धर्मगुरूंनीं देश सोडावा असा हुकूम काढला होता. तो हुकूम कडकपणें अमलांत आला नव्हता, तरी डोक्यावर टांगलेल्या तरवारीप्रमाणें होता. त्यांतच हिदेयोशीनें फिलिपाईन्सच्या स्पॅनिश लोकांनीं आपलें मांडलिकत्व पत्करावें अशी मागणी केली. मनिलाच्या गव्हर्नरानें प्रथम फादर ख्वान कोबो ह्या डोमिनिकन धर्मगुरूंस वकील म्हणून धाडलें. परत येतांना ते जहाजासह नाहींसे झाले. मग १५९३ सालीं फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस पाठविण्याचें ठरलें. फादर विद्वान् व पवित्र होते, परंतु त्यांस जपानी भाषा येत नव्हती. ज्यास ती येत होती असा ब्रदर संघांत होता. वसईचे गोन्सालो दुभाषी म्हणून त्यांच्याबरोबर निघाले.

देवाची योजना किती विलक्षण! पूर्वीं ज्या आठ वर्षांचें फळ मिळालें नाहीं असें वाटलें होतें, त्या वर्षांची भाषा आतां उपयोगीं पडली. देवासाठीं केलेले कष्ट वायां जात नाहींत. देव ते कोठें ठेवून देतो हें मात्र आपणांस दिसत नाहीं.

दुभाष्याचें काम कसें असतें, हें भिवंडीच्या माणसास निराळें सांगावयास नको. आपल्या गल्ल्यांतून मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू अशा कित्येक भाषा कानीं पडतात, आणि एकाचें म्हणणें दुसऱ्यास समजावून सांगणारा माणूस रोज लागतो. चांगला दुभाषी स्वतःचें म्हणणें मध्यें घालीत नाहीं. आपला राग, आपला लोभ किंवा आपली भीति दुसऱ्याच्या शब्दांत मिसळीत नाहीं. राजापुढें उभें राहून त्याच्या कोपाचे शब्द ऐकावयाचे, ते धन्यास सांगावयाचे, आणि धन्याचें उत्तर त्या कोपिष्ट राजास द्यावयाचें, ह्यास जिवंत अंतःकरण पाहिजे. ख्रिस्ती माणसाचें आज्ञापालन म्हणजे दुसरें काय आहे? प्रभूचा शब्द आपल्या सोयीप्रमाणें न वळवितां जगास ऐकविणें, आणि जगाचें दुःख प्रभूपाशीं नेणें, हेंच तें. संत गोन्सालो ह्यांनीं हें अक्षरशः केलें.

भेट झाली. हिदेयोशीनें साधूंना क्योतो नगरींत राहावयास दिलें. १५९४ सालीं तेथें मंदिर व मठ उभे राहिले. मठाच्या जवळ कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालयें काढण्यांत आलीं. ज्यांस त्या देशीं कोणी शिवत नसे, त्यांचे व्रण हे साधु व त्यांचे जपानी सोबती धूत. नवे साधु येत, त्यांस भाषा येत नसे. मग प्रवचन असो कीं रोग्याची तक्रार असो, गोन्सालो ह्यांस हांक मारली जाई. दरबारांत जो उभा राहिला, तोच कुष्ठरोग्याच्या खाटेशीं उभा राहिला, आणि दोन्हीं ठिकाणीं त्याचें काम एकच होतें.

येथें एक अवघड गोष्ट लपवूं नये. पोप तेरावे ग्रेगोरी ह्यांनीं १५८५ सालीं जपानांतील धर्मकार्य येशूसंघाकडे राखून ठेविलें होतें. त्यामुळें फ्रान्सिस्कन साधूंनीं तेथें यावें कीं न यावें, उघडपणें धर्मप्रसार करावा कीं सावधपणें, ह्यांवरून दोन्हीं संघांत तीव्र मतभेद झाले. संत गोन्सालो ह्यांचें बाळपण एका संघाच्या अन्नावर वाढलेलें आणि व्रत दुसऱ्या संघांत घेतलेलें. ह्या वादांत त्यांच्या मनाची ओढाताण झाली नसेल असें कोण म्हणेल? आज्ञापालनाची वाट नेहमीं सरळ व स्वच्छ असत नाहीं. भल्या माणसांचीं मतें जेथें एकमेकांविरुद्ध जातात, तेथेंहि मनुष्यानें आपल्याला नेमून दिलेल्या जागीं इमानानें उभें राहावें लागतें. वादाचा निकाल त्यांनीं दिला नाहीं. आपलें काम मात्र त्यांनीं टाकलें नाहीं.

१५९६ सालच्या ऑक्टोबरांत घात झाला. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलें सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यांतील अपार माल हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनीं जप्त केला. बोलाचाली झाल्या, संशय वाढला. स्पेनचे राजे प्रथम धर्मगुरु पाठवितात व मागून सैन्य, असें हिदेयोशीच्या मनानें घेतलें. त्याचा क्रोध क्योतोच्या त्या दरिद्री साधूंवर कोसळला. डिसेंबर १५९६ मध्यें मठावर पहारे बसले. ज्यांच्यापाशीं शस्त्र नव्हतें व द्रव्य नव्हतें, ते राज्याचे शत्रु ठरले.

पकडलेल्यांत एकंदर चोवीस जण होते. ३ जानेवारी १५९७ रोजीं क्योतो येथें त्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. मग गाड्यांत घालून त्यांची क्योतो, ओसाका व साकाई ह्या नगरांतून धिंड काढली. तेथून ऐन हिवाळ्यांत, बर्फाळ वाटेनें, सुमारें महिनाभर त्यांस नागासाकीकडे चालविण्यांत आलें. वाटेंत त्यांची शुश्रूषा करणारे दोघे ख्रिस्ती, पेत्रुस सुकेजिरो व फ्रान्सिस सुतार, हेहि पकडले गेले. अशा रीतीनें ते सव्वीस झाले.

हे सव्वीस जण कोण होते, तें पाहिलें म्हणजे मन भरून येतें. सहा फ्रान्सिस्कन साधु, तीन जपानी येशूसंघीय, आणि सतरा साधे जपानी ख्रिस्ती. त्यांत वैद्य होता, आचारी होता, सुतार होता, धनुष्यें करणारा होता. हाताच्या कष्टानें पोट भरणारीं, आपल्यासारखीं माणसें तीं. त्यांत तीन मुलें होतीं: लुईस बारा वर्षांचा, आंतोनियो तेरांचा व थोमास चौदांचा. थोमासाचा बाप मिखाएल त्याच्याच बरोबर क्रूसाकडे चालला होता. लहान लुईसास धर्म सोडल्यास जीवदान देऊं केलें होतें, असें सांगतात. त्यानें तें घेतलें नाहीं.

५ फेब्रुवारी १५९७ चा दिवस उजाडला. नागासाकीच्या बंदराकडे तोंड करून असलेल्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेनें मांडले होते. परंपरा सांगते, कीं टेकडीवर पोंचतांच संत गोन्सालो पुढें झाले, आपला क्रूस कोणता तें विचारून त्यांनीं गुडघे टेकले व त्यास मिठी मारली. ज्यांनीं जन्मभर दुसऱ्याचे शब्द वाहिले, त्यांनीं शेवटचें हें उत्तर शब्दावांचून दिलें. क्रूस उभारले गेले. येशूसंघाचे पौल मिकी ह्यांनीं क्रूसावरून उपदेश केला व आपल्या मारेकऱ्यांस क्षमा केली. मुलांनीं स्तोत्र गायिलें. मग भाल्यांनीं त्यांचीं शरीरें विंधण्यांत आलीं. वसईचें तें बालक चाळीस वर्षांच्या वयांत प्रभूकडे गेलें.

त्या रांगेकडे पुन्हां एकदां पाहा. जिवंतपणीं ज्या दोन संघांचें एकमत झालें नाहीं, त्यांचे पुत्र तेथें एकाच रांगेंत क्रूसावर होते. ज्या संघानें गोन्सालो ह्यांस घेतलें नाहीं त्याचेहि पुत्र त्यांच्यासंगें होते. वादानें जें साधलें नाहीं, तें आज्ञापालनानें साधलें.

हेंहि स्पष्ट असूं द्यावें, कीं संत गोन्सालो राजद्रोही नव्हते. राजाकडे ते सख्य करावयास आले होते, त्याच्या परवानगीनें राहिले, त्याच्या प्रजेंतील रोग्यांची सेवा केली. राजास देणें असेल तें त्यांनीं दिलें. परंतु देवाचें जें आहे तें राजानें मागितलें, तेव्हां तें देणें त्यांच्या अधिकारांत नव्हतें. देवाचा आज्ञाधारक मनुष्य गुलाम नसतो, तो ह्यामुळें.

हिदेयोशी १५९८ सालीं मरण पावला. पोप आठवे उर्बान ह्यांनीं १६२७ सालीं ह्या हुतात्म्यांस धन्य म्हणून गौरविलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस ह्यांनीं त्यांस संत म्हणून घोषित केलें. त्यानंतर तीन वर्षांनीं, १८६५ सालीं, नागासाकी येथें ह्याच सव्वीस हुतात्म्यांच्या नांवानें बांधलेल्या ओउरा मंदिरांत कांहीं गरीब जपानी खेडूत आले आणि आपण ख्रिस्ती आहों असें त्यांनीं फ्रेंच धर्मगुरु फादर पतिजाँ ह्यांस हळूच सांगितलें. दोनशें वर्षांहून अधिक काळ, एकहि धर्मगुरु नसतां, छळाच्या भयांत, बापानें मुलास व मुलानें नातवास प्रार्थना शिकवून ही श्रद्धा जिवंत ठेविली होती. हुतात्म्यांचें रक्त मातींत पडलें तें असें उगवलें.

आपल्या कोंकणांतहि असेंच घडलें. ह्या मातीनें १३२१ सालींच ठाणें येथें चार फ्रान्सिस्कन हुतात्म्यांचें रक्त पाहिलें होतें. पुढें १७३९ सालीं चिमाजी आप्पांच्या सैन्यानें वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज सत्ता गेली, मंदिरें ओस पडलीं. त्या सत्तेबरोबर ख्रिस्ती धर्महि जाईल असें कोणास वाटलें असेल. परंतु थोड्या धर्मगुरूंच्या आधारानें गांवोगांवच्या साध्या लोकांनीं, शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं, आपला विश्वास टिकविला. राज्यें येतात व जातात. घरांतली संध्याकाळची प्रार्थना टिकली तर सर्व कांहीं टिकतें.

माझ्या धर्मग्रामवासीयांनो, आपणांपैकीं फारच थोड्यांवर क्रूसावर चढण्याचा प्रसंग येईल. परंतु रात्रपाळी करून डोळे मिटत असतां रविवारच्या मिस्सेस येणें, मापांत खोट न करणें, आजारी सासूची सेवा कुरकुर न करितां करणें, दारूच्या गुत्त्याकडे वळलेलें पाऊल घराकडे फिरविणें, लेकरांस क्रूसाची खूण शिकविणें, हीं आज्ञापालनें रोज आपल्या दाराशीं उभीं असतात. संत गोन्सालो एका दिवसांत हुतात्मा झाले नाहींत. भाषेचे धडे, लेकरांचे पाठ, नकाराचें दुःख, कुष्ठरोग्यांचे व्रण, ह्या सर्वांतून त्यांनीं एकेक पाऊल टाकलें. टेकडीवरचें पाऊल हें त्यांतलें शेवटचें होतें.

आणि ज्यांचें मागणें देवानें अद्याप पुरविलें नाहीं, ज्यांच्यापुढें दार बंद झालेलें आहे, त्यांनीं वसईच्या ह्या तरुणास आठवावें. दार बंद झालें म्हणून तो घराबाहेर पडला, परंतु बापापासून दूर गेला नाहीं.

हे संत गोन्सालो, आमच्याच खाडीच्या मुखाशीं आपण जन्मलां. आमची भाषा व आमची माती आपणांस परकी नाहीं. आमच्या ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आमच्या घरांसाठीं, आमच्या कामकऱ्यांसाठीं व आमच्या लेकरांसाठीं प्रभूपाशीं विनंति करा, कीं तो देईल तेव्हां आम्ही कृतज्ञ व्हावें, तो नाकारील तेव्हां इमानी राहावें, आणि तो बोलावील तेव्हां आमचा क्रूस आम्हांस ओळखतां यावा. आमेन.